परब मास्तरांचा अडकलेला रिपोर्ट

तिसऱ्यांदा थेंब टाकले, तरी टेस्ट ट्यूबमध्ये रंग आला नाही. लघवी परब मास्तरांची होती. मास्तर मूळचे मालवणकडचे, सिल्वासाच्या मराठी शाळेत शिकवायचे. त्यांना कावीळ झाली होती आणि मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो. बी.एस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी तेव्हा कोणी न विचारताही सांगत असे.

टेस्ट साधी असते. यकृतातलं पित्त आतड्यात उतरतं, तिथे त्याचा एक पदार्थ बनतो, त्यातला थोडा लघवीत येतो. रीएजंट टाकलं की गुलाबी रंग दिसतो. निरोगी माणसाचा फिका, साध्या काविळीत बहुधा गडद. मास्तरांची लघवी कोऱ्या चहासारखी, म्हणजे पित्त होतंच. गुलाबी मात्र काही नाही. मी ठरवलं, रीएजंट खराब. वलसाडहून नवी बाटली मागवायचं पत्र लिहिलं, रिपोर्टवर 'पेंडिंग' लिहिलं आणि मोकळा झालो. डॉक्टर देवीच्या लसीकरणासाठी गावोगाव फिरत होते, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं.

मास्तरही निर्धास्त होते. ताप नाही, दुखणं नाही. खेरडीच्या एका म्हाताऱ्याने गळ्यात काविळीची माळ घातली होती. माळ वाढत खाली आली की कावीळ उतरली, असं मानतात. मास्तरांची बेंबीपर्यंत आली होती. डोळे मात्र हळदीसारखे, आणि अंगाला इतकी खाज, की सदऱ्यात मागून फूटपट्टी घालून पाठ खाजवत ते वर्गावर शिकवायचे.

आठव्या दिवशी डॉक्टर परतले आणि त्यांनी पहिला हाच रिपोर्ट मागितला.

"रीएजंट खराब आहे, सर."

"कशावरून?"

"रंग येत नाही."

"दुसऱ्या कोणाच्या लघवीवर बघितलंस?"

बघितलं नव्हतं. कंपाउंडर मगनभाईंच्या हातात रिकामी बाटली दिली. "मने शुं थयुं छे?", मला काय झालंय, असं विचारत त्यांनी ती भरून आणली. गुलाबी. मग माझी. तीही गुलाबी.

डॉक्टरांनी मास्तरांना बोलावून पोट तपासलं. नंतर मला आत घेऊन समजावलं. पित्त आतड्यात पोचतच नाही, वाट बंद आहे. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, पित्ताची नळी त्याच्या डोक्यातून, म्हणजे जाड टोकातून, खाली जाते. तिथे गाठ झाली की नळी दाबली जाते, आणि सुरुवातीला दुखतही नाही. मी म्हटलं, मग ऑपरेशनने गाठ निघेल.

"कॅन्सरची असेल तर बहुतेकदा नाही. माणूस पिवळा दिसतो तोवर उशीर झालेला असतो. वर्ष मिळालं तरी पुष्कळ."

तोवर कॅन्सर माझ्यासाठी पुस्तकातला धडा होता.

मास्तर बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी त्यांना उद्याच मुंबईला जायला सांगितलं. मास्तर म्हणाले, मुलांची वार्षिक परीक्षा झाली की जातो.

"परीक्षा दुसरं कोणी घेईल."

"पण डॉक्टर, मला कुठे काय दुखतंय?"

"दुखलं असतं, ताप असता, तर एखादे वेळी इथेच ठेवलं असतं. दुखत नाही म्हणूनच पाठवतोय."

मास्तर थोडा वेळ माळेशी चाळा करत बसले. मग वापीहून गाडी किती वाजता आहे, ते त्यांनी विचारलं.

मुंबईत पोट उघडलं. गाठ कॅन्सरचीच होती आणि काढण्यासारखी नव्हती. सर्जननी पित्ताशय आतड्याला जोडून पित्ताला दुसरी वाट करून दिली. महिन्याभराने मास्तर परतले ते बारीक होऊन, पण पिवळेपणा गेला होता आणि खाज थांबली होती. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आठ दिवस पडून होता.

"का?"

"मला वाटलं, बाटली खराब आहे."

"पोरंही हेच सांगतात. अक्षर का बिघडलं विचारलं, तर टाक बरा नव्हता म्हणून."

एवढं बोलून त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं.

त्या आठ दिवसांनी काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, गाठीला नाही, खाजेला पडला असता.

गणपतीला मास्तर गावी गेले आणि तिथेच वारले. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक रिपोर्ट त्याच दिवशी दिला. कित्येक मला पटले नव्हते. पण रिपोर्ट मला पटावा असा नियम कुठेच नाही.