बोकड वर पळतं

शेरडातलं माझ्याइतकं कळणारा माणूस आख्ख्या निरवांगी गावात दुसरा न्हाय. ही गोष्ट अजून माझ्या शेरडांना पटलेली न्हाय, म्हणून ती मला बघितली की बांधाच्या पल्याड जात्यात.

आमचं साडू मात्र जगावेगळं. भवानीनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म गेला, आता रिटायर. दारात एक शेरडू न्हाय, पर पार इराणच्या डोंगरातली, राजे-महाराजांच्याबी आधीची रानबोकडं ह्या माणसाला भाचरांसारखी ठावं. मोबाईलवर बघायचं आन जो गावंल त्याला सांगायचं. आमच्याकडं उसानं भरलेल्या ट्रॉलीपरीस उंच काय न्हाय, तरी हात वर करून असा कडा दावायचं की ऐकणारा मान वर करून ढगात बघायचा. माझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीत बसलं आन आमटीतली शेवग्याची शेंग वाकवून शिंग केवढं असायचं ते दावाय लागलं. शेंग तुटली ती नवरदेवाच्या मामाच्या ताटात. तिकडचं कुंभार म्हणं मडक्यावर बोकड काढायचं, तर अंग बोटाएवढं आन शिंगं गोल फिरून शेपटापत्तूर. मामा जेवायचं सोडून ऐकत बसला.

मग शिकार. "बोकड भ्यालं की वर पळतं, पाव्हणं. म्हणून शिकारी आधीच वर जाऊन बसायचा, वारा तोंडावर घेऊन. खालनं कुत्री सोडायची." हितं साडू उजवा हात कानापत्तूर वढायचं, धनुष्य ताणल्यावानी. घास हातात धरून सगळी गप. कुणीतरी म्हणायचं, मग? साडू हात खाली घ्यायचं. "मग काय. वारा फिरला." बोकडाला माणसाचा वास लागायचा आन ते कडा चढून गडप. दर येळंला. एवढी जुनी शिकार, पर साडूंच्या तोंडून एक बी बोकड मेलं न्हाय. मी चारचौघात म्हणायचो, ह्यांच्या भरवशावर ते लोक मेथी खाऊन ऱ्हायलं असतं. माणसं हसायची, साडू बी हसायचं.

यंदा बोअरला पाणी लागलं. म्हसोबाला बोकडाचा नवस बोललो व्हतो. आमच्यात बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडत्यात. त्यानं अंग झाडलं तर देवानं मानलं, न्हाय झाडलं तर सुरी बाजूला ठेवायची. सासरवाडीची माणसं सांगवीवरनं आलेली, मसाला वाटून तयार. बोकड माझं हाय, पयल्या थेंबाला झाडंल, असं मी सगळ्यांना सांगून बसलेलो. दोरी साडूंच्या हातात दिली आन पाणी वतलं. बोकड फोटोला उभं ऱ्हायल्यावानी. परत वतलं. पाणी पोटाखालनं गळाय लागलं, ते काय हललं न्हाय. सासरं माझ्याकडं बघत्यात, मी म्हसोबाकडं बघतोय. शेवटी गळ्यातला हार नीट करायचं निमित्त काढून वाकलो आन हळूच त्याच्या कानात फुंकर मारली.

बोकडानं शेंडीपासनं शेपटापत्तूर अंग झाडलं. मानलं, मानलं म्हणून समदी वरडली, सगळ्यात मोठ्यांदा मी. साडू तेवढं खाली जमिनीकडं बघत व्हतं. तेवढ्यात दोरी निसटली, आन बोकड सुटलं ते थेट बाजूला उभ्या उसाच्या ट्रॉलीवर.

मला चेव आला. म्हणलं थांबा, आता साडूंची शिकार करून दावतो. मागनं चढलो, वारा तोंडावर घेतला, दोरीचा फास करून दबा धरून बसलो. बोकड जवळ आलं, माझ्या तोंडाचा वास घेतला, खांद्यावर पाय देऊन पल्याड उतरलं. खालचा ऊस सरकला आन मी कमरंपत्तूर आत. मला उपसाय ट्रॅक्टरवाला बोलवावा लागला. तवर बोकड साडूंच्या हातनं उसाचं वाढं खात व्हतं. पळालेलं बोकड देवाला चालत न्हाय म्हणून सासऱ्यांनी सुरी बाजूला ठेवली. मालकिणीनं मटणाच्या मसाल्यात वांगी घातली. पाव्हण्यांनी गुमान खाल्ली. वांग्याला कुणी नाव ठेवलं न्हाय, माझं मातर नाव बी काढलं न्हाय.

दिवस मावळता आमी दोघं बांधावर बसलो. बोकड साडूंच्या गुडघ्याला अंग घासत व्हतं. नेहमीसारखी मी थट्टा काढली, म्हणलं साडूभाऊ, आख्खा जन्म काट्यावर गेला, एक दोरी धरता आली न्हाय व्हय? हसलं न्हाईत. बोकडाच्या गळ्यातली सुकलेली फुलं एकेक करून काढत ऱ्हायलं. त्यांच्या सगळ्या गोष्टी माझ्या डोळ्यापुढनं गेल्या, आन परत्येक गोष्टीतलं ते बोकड कुणी वाचवलं ते मला तवा कळलं.

"निसटली न्हाय, मी सोडली," ते म्हणलं. "तुमी फुंकर मारली, तवाच वारा फिरला."

 साडूंनी शेवटचं फूल काढून बांधावर ठेवलं.

"त्या शिकाऱ्यांनी नुसतं बोकडाला फशिवाय बघितलं, पाव्हणं. देवाला फशिवणारं तुमीच पयलं."