दुसऱ्याच्या बोटाचं रक्त

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. उभा जन्म त्यांनी शिकाऊ लोकांच्या शेजारच्या सीटवर काढला. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव आपला, असला हा धंदा! कुणी गाडी थेट भिंतीवर नेली तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. किडन्या गेल्या तेव्हाही ते असेच शांत राहिले, आणि त्या शांतपणाचाच बायकोला जास्त राग यायचा. माणसाने निदान रडावं तरी, असं तिचं म्हणणं. किडन्या का गेल्या, ते मात्र कुठल्याच डॉक्टरला धड सांगता आलं नाही.

डायलिसिसच्या हॉलमध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची पाववाल्याची. बेकरीचा मालक, तोंडाने फटकळ, मनात काही न ठेवणारा. दिवसाआड दोघांनी शेजारी शेजारी पडायचं, हाताच्या फुगलेल्या शिरेत सुया खुपसून घ्यायच्या आणि मशीन रक्त धूत असताना एकमेकांची उणीदुणी काढायची. पाणी मोजूनच प्यायचं, म्हणून तहान लागली की पाववाला बर्फाचा खडा गालात धरायचा आणि सिस्टरची पाठ वळली की एक मास्तरांच्या हातावर ठेवायचा. बायकोशी बोलता न येणारं कितीतरी मास्तर या माणसाशी बोलले होते. मरण्याबद्दलसुद्धा.

पाववाल्याला साखरेचा आजार जुना, त्यामुळे त्याच्या किडन्यांचं खापर साखरेवरच फुटलं होतं. पायांची आग आग व्हायची, म्हणून तो पाय ओल्या टॉवेलात गुंडाळून बसायचा. तेही साखरेमुळेच, असं सगळे धरून चालले होते. त्याला दोन मुली, त्यातली थोरली न्यायला-आणायला यायची. बेकरीचा गल्ला तीच बघायची, पण सारखं स्टूल लागायचं तिला. ‘आमच्या महाराणींना उभं राहवत नाही, तळपाय दुखतात म्हणे,’ असं पाववाला चारचौघांत बोलून दाखवायचा. ती बिचारी ऐकून घ्यायची.

एक दिवस डॉक्टरीणबाई खुर्च्यांमधून फिरत सांगू लागल्या. एक दुर्मिळ आजार आहे, आईबापांकडून येणारा. शरीरातली एक प्रकारची चरबी साफ होत नाही, ती किडनीत आणि हृदयात साचत जाते. ज्यांच्या किडन्या का गेल्या ते कळलेलं नाही, त्यांचं रक्त तपासायचं आहे. बोटाचे चार थेंब, बास. सापडलाच, तर घरातल्या इतरांना वेळीच औषध सुरू करता येईल.

मास्तरांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरत आलं होतं, आणि मुलाच्या आत्याने आडून आडून विचारलं होतंच, की हे किडनीचं दुखणं घराण्यातलं तर नाही ना. नाही म्हणून मास्तर मोकळे झाले होते. आता तपासणीत काही निघालं तर पोरीने कुणाकडे बघायचं? आणि नकार द्यावा, तर घरी बायको खोदून खोदून विचारणार.

मशीनवर चढलं की रक्तात ते पातळ ठेवायचं औषध जातं, म्हणून थेंब आधीच द्यायचे होते. वजनकाट्याजवळच्या बाकावर सिस्टरने मास्तरांच्या हातात थेंब टिपायचा कागद आणि बोट टोचायची सुई ठेवली. तेवढ्यात आत कुणाच्या तरी पोटरीत गोळा आला आणि तो ओरडू लागला, तशी ती पळाली. मास्तर सुईकडे बघत बसून राहिले.

‘आण इकडे,’ पाववाला म्हणाला. त्याला लग्नाचं सगळं माहीत होतं. ‘मला साखर आहे. माझ्या रक्तात त्यांना दुसरं काय सापडणार? पोरीचं लग्न होऊ दे निवांत.’

साखर तपासून तपासून त्याची बोटं निबर झाली होती. कागदावरची गोल खुणांची रांग त्याने चटचट भरली आणि बोट चोखत हसला. मास्तरही हसले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मशीनवर त्यांना छान झोप लागली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. रक्तात दोष दिसतोय, म्हणाल्या. लहानपणापासून हातापायांची आग होते का? नाही. घाम कमी येतो का? मास्तर नाही म्हणाले, आणि एकदम त्यांना पाववाला आठवला. भट्टीसमोर दिवस काढूनही पाववाल्याचा सदरा कधी भिजायचा नाही, यावरून कामगार त्याची थट्टा करायचे. तो स्वतःच मोठ्या कौतुकाने सांगायचा ते.

मास्तरांनी चाचरत विचारलं, मुलींना होतो का हा? बाई म्हणाल्या, बापाला असला की त्याच्या प्रत्येक मुलीत उतरतो. मुलग्यांत नाही. काहींना फार त्रास होत नाही, काहींच्या किडन्या जातात, हृदय जातं. लवकर कळलं तर पुष्कळ काही वाचवता येतं.

तिथेच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. बाईंनी त्यांच्या दंडातून स्वतः रक्त घेतलं. ते स्वच्छ निघालं, तेव्हा बाईंनीच माफी मागितली. पहिला नमुना बिघडला असावा, तुम्हाला उगाच घोर लावला, म्हणाल्या. घरी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि लग्नाची तारीख ठरली. मास्तर मात्र मूग गिळून बसले. काय म्हणावं या माणसाला! लोकांना वेळेवर ब्रेक दाबायला शिकवण्यात जन्म गेला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पाय हलेना.

मुलगी सासरी गेली आणि मास्तरांना झोप येईनाशी झाली. पाववाल्याची थोरली हॉलच्या दाराशी आली, की आधी तिच्या पायांकडे नजर जायची. पायात दोन मापं मोठ्या चपला. शेवटी एका दुपारी, दोन्ही मशीन चालू असताना, त्यांनी पाववाल्याला सगळं सांगून टाकलं.

पाववाला आधी हसला, मास्तर चेष्टा करतायत असं त्याला वाटलं. मग हसू गेलं.

‘दोघींना?’ त्याने विचारलं.

‘बाई तसंच म्हणाल्या.’

‘म्हणजे तिचे पाय... मी दिलं ते?’

मास्तरांनी मान डोलावली.

‘मग कुणाला सांगायचं नाही,’ पाववाला म्हणाला. ‘लहानपणापासून मी तिला कामचुकार म्हणत आलोय, मास्तर. पायांवरून मारलंय तिला. आता कुठल्या तोंडाने सांगू? तुला शपथ आहे.’

मास्तरांनी समजावून बघितलं, औषध आहे म्हणून सांगितलं. तो तोंड फिरवून पडून राहिला. त्या दिवशी बर्फ आला नाही, पुढच्या खेपेलाही नाही. मित्राला दिलेली शपथ मोडायची, की त्याच्या लेकीला या खुर्चीपर्यंत येऊ द्यायचं? मास्तर तळमळत राहिले. मग एकदा आत सिस्टर पाववाल्याच्या सुया काढत होती आणि थोरली बाहेर बाकावर चप्पल काढून तळवे थंड फरशीला टेकवून बसली होती. ते बघून मास्तरांना राहवलं नाही. शेजारी बसून त्यांनी तिला सांगितलं. रक्त कुणाचं होतं, दोष कुणात निघाला, आणि तिने व धाकटीने ताबडतोब तपासून घ्यायला हवं, सगळं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, ‘बाबांना माहीत आहे?’

‘नाही,’ मास्तर म्हणाले. ‘मी लपवलं. माझ्या मुलीचं लग्न व्हायचं होतं.’

ती उठून उभी राहिली. ‘काका, मी तुमच्यासाठी दर खेपेला वेगळा, बिनमिठाचा पाव भाजून आणत होते,’ म्हणाली आणि सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. बाईंनी नंतर मास्तरांना बोलावून काय काय सुनावलं, ते सांगण्यात अर्थ नाही. ते बरोबरच होतं.

दोघी बहिणींत आजार निघाला. थोरलीच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली होती, पण किडन्या अजून शाबूत होत्या. पंधरा दिवसांतून एकदा शिरेतून द्यायचं औषध सुरू झालं. मास्तरांना हे सिस्टरकडून कळलं, कारण पाववाल्याची खुर्ची आता रिकामी होती. असल्या माणसाशेजारी माझे वडील बसणार नाहीत, असं सांगून थोरलीने त्याची पाळी बदलून सकाळची करून घेतली होती. पाववाल्याला नाही म्हणता आलं नाही. का नको ते सांगायचं, तर आपल्यालाही सगळं माहीत होतं हे तिला सांगावं लागलं असतं.

एकदा सकाळच्या पाळीला उशीर झाला आणि दारात गाठ पडली. पाववाला थांबला. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि हात पुढे केला. ‘बाबा, चला,’ थोरली म्हणाली आणि त्याचा दंड धरला. तो मान खाली घालून तिच्याबरोबर गेला, आणि मास्तर वजन करायला काट्यावर उभे राहिले.