गाठी ओळखणारी तीन बोटं

"ठेव! ठेव तो बत्ता खाली! पोरीचा हात मोडतीस का काय?"

सासूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की तव्यावरची भाकरी आपोआप उलटली. पार तिकडं मोहोळ गावच्या बाजारातल्या शेळ्यांनीही कान टवकारले असतील. माझ्या उजव्या हातात खलबत्त्यातला बत्ता होता, वर उचललेला. खाली पाटावर धाकट्या जावेचं मनगट होतं आणि मनगटावर बोराएवढी गाठ.

"मारत न्हाय ओ आत्या, औषध करतीय," मी म्हणाले.

भाकऱ्या न्यायला येणाऱ्या एका बाईनं सांगितलं होतं, अशी गाठ एका दणक्यात बसते म्हणून. मी तेवढंच करणार होते. दणका जरा जास्त बसला असता तर वाईट वाटलं असतं का, हे मात्र मला कुणी विचारू नये.

"म्हणं औषध!" आत्यांनी बत्ता हिसकावून घेतला. "पाण्याची गाठ हाय ती. मनगट दुमडलं की वर येती, सरळ केलं की दबती. जाईल न्हाईतर राहील. तिला भाकरी थापू द्यायची न्हाय, एवढंच औषध."

मग त्यांनी जावेचा हात मांडीवर घेतला आणि गाठ सोडून बाकीच्या हाताला खोबरेल तेल चोळायला लागल्या. धाकटी डोळे मिटून बसली. माझ्या पोटात असा जाळ झाला की त्यावर चार भाकऱ्या भाजल्या असत्या.

आमच्या घरात कडक भाकरीचा धंदा. ज्वारीची, पातळ, पापडासारखी मोडणारी, वर तीळ लावलेली. आता मोबाईलवर मागणी येते आणि आमच्या भाकऱ्या पुण्यापर्यंत जातात. मी आजवर थापलेल्या भाकऱ्या पसरल्या तर सिद्धेश्वर तलावावर छप्पर होईल आणि वर वाळत घालायलाही उरतील. त्या आठवड्यात धाकटी पुढच्या खोलीत पंख्याखाली बसून फोनवर "बोला ताई, किती पाकिटं?" करत होती आणि मी एकटी दोघींच्या भाकऱ्या थापत होते.

पण जाळ थापण्याचा नव्हता. जाळ त्या बोटांचा होता.

आत्यांचं माहेर मैंदर्गी, कन्नड मुलखाला लागून. मोजताना कन्नडमध्ये मोजतात, रागावताना मराठीत. पीठ गरम पाण्यात मळून झालं की त्या डोळे मिटून गोळ्यावरून तीन बोटं फिरवतात. आत राईएवढी पिठाची गुठळी राहिली तरी त्यांना लागते. ती राहिली की कडक करताना भाकरी नेमकी तिथंच तडकते. त्याच तीन बोटांनी त्या गल्लीतल्या माणसांच्या गाठी बघतात. कुणाच्या दंडावर मऊ, बोटाखालून सटकन सरकणारी लागली की, "चरबी हाय, बसू दे तिला." शेजारच्या मास्तरांच्या पाठीवरच्या गाठीला मधोमध काळा ठिपका होता. "हिला तोंड हाय. पिळू नगा मास्तर, चिडंल. आतनं घाण वास मारंल ते येगळंच." पोराच्या जबड्याखाली दुखरी गाठ आली तर त्या आधी त्याचं तोंड उघडून दाढ बघणार. "अवधाण आलंय, दाढेपायी सुजलीय. दाढ बरी झाली की जाईल." आणि गाठ कडक, जागची न हलणारी किंवा वाढत चाललेली असली की हात मागं घ्यायचा आणि म्हणायचं, "हे माझं काम न्हाय. आजच्या आज दवाखान्यात जा."

गल्लीतल्या कुत्र्याच्या पाठीवरही ती बोटं फिरली होती. माझ्यावर मात्र कधी नाही. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली. पोरगं झालं तेव्हासुद्धा मी माहेरी गेले नाही. ह्याच घरात राहिले आणि सव्वा महिना संपल्या दिवशी परातीपुढे बसले. पंधरा वर्षं झाली. कुणी म्हणालं का, थोरलीचा हात दुखत असेल?

तर मी माझ्या अंगावर गाठ शोधायला लागले. आंघोळीला तासभर लागायला लागला. नवरा बाहेरून म्हणाला, "आत काय इहीर खांदतीस व्हय?" मनगटं कोरी, दंड कोरे, मान कोरी. चौथ्या दिवशी डाव्या खांद्यावरून हात मागं टाकला आणि पाठीवर, अगदी बोटांच्या टोकाला, लागली! मऊ. दाबली की सरकणारी. मला इतका आनंद झाला की मी तांब्याभर पाणी उगीचच डोक्यावर ओतलं.

दुपारी आत्या पीठ मळत होत्या. मी पुढं जाऊन बसले, पाठ करून.

"आत्या, गाठ आलीय. केवढी! लिंबाएवढी हुती, आठ दिसात नारळ झालाय."

धाकटी फोन सोडून धावत आली. "अगंबाई, नारळ?"

मी वाट बघत राहिले. पाठीवर तीन बोटं येतील. आधी पिठानं गरम लागतील, मग सरकतील. आत्यांचे हात परातीत थांबले तेवढे. मग त्या म्हणाल्या, "दवाखान्यात जा. आजच्या आज."

नुसतं एवढंच. हातसुद्धा लावला नाही.

त्या कसल्या गाठीला दवाखान्यात पाठवतात ते मला माहीत होतं. तरी रिक्षात मला भीती कमी आणि अपमान जास्त वाटत होता. मरायचं तर मरू, पण आधी एकदा दाबून तर बघायचं! धाकटी शेजारी बसून माझा हात धरून रडत होती, त्या गाठीच्याच हातानं. तो हात खोबरेलानं असा चमकत होता की समोरच्या ट्रकवाल्यानं उलट दिवे मारले.

डॉक्टरांनी दोन बोटांनी गाठ हलवली. "चरबीची आहे. काही करायची गरज नाही. पण कधीपासून आहे? वाढली का?"

"आठ दिवसात नारळ," धाकटीनं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी पुन्हा दाबलं, मग माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचायला लागले. "नारळ दिसत नाही," ते म्हणाले, "पण खरंच वाढत असेल, दुखली किंवा कडक झाली, तर परत या. घरात कुणी आधी पाहिली असेल तर विचारा."

घरी आले ती थेट चुलीपुढं.

"चरबीची निघाली," मी म्हणाले. आवाज गल्लीच्या टोकाला गेला असणार, कारण मास्तर खिडकीत आले. "मास्तरांची गाठ बघितली. कुत्र्याची बघितली. धाकटीचा तर हात मांडीवर घेऊन चोळता. मला तेवढं दवाखान्यात धाडलं! माझ्या पाठीला बोट लावलं असतं तर झिजलं असतं व्हय तुमचं?"

धाकटीनं तेलाचा हात पदराखाली घेतला. आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, कडेनं फडक्यानं दाबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"तुझ्या बाळंतपणात सव्वा महिना पाठ मीच चोळली की. तवापास्नं हाय ती, लिंबाएवढी. तू वाढली म्हणालीस म्हणून धाडलं."