दादानं वर केलेला हात

आमच्या पेठेच्या कबड्डी संघात सात जण खेळायचे, पण माझ्या लेखी एकच होता. डावा कोपरा सांभाळणारा. सगळी पेठ त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मैदानाच्या भिंतीवर बसायचं, तो तळव्यांना माती कशी चोळतो, वाकतो कसा, हे बघायचं आणि घरी येऊन चुलतभावांच्या पायांना मिठ्या मारायच्या, हा माझा उद्योग.

त्या वर्षी अंतिम सामना एका कंपनीच्या संघाशी होता. गुण सारखे, शेवटची चढाई. कंपनीचा गडी दादाच्या कोपऱ्यावर हात फिरवून परत पळाला. पंचांनी काहीच दिलं नाही. आता जादा वेळ मिळणार म्हणून आम्ही सुस्कारा सोडतोय, तोच दादानं हात वर केला. म्हणजे मला हात लागलाय, मी बाद. मान खाली घालून तो चालत बाहेर गेला आणि आम्ही एका गुणानं हरलो. मग असा काही टाळ्यांचा कडकडाट झाला की बस्स! हरलेल्या संघाची मिरवणूक काढणारी आमचीच पेठ. पुढे ताशा, मागे खांद्यावर दादा, सगळ्यांना हात जोडत. महिन्याभरात त्याला त्याच कंपनीत नोकरी लागली, तेव्हा माझे वडील म्हणाले, "बघ, खरं वागणाऱ्याची कदर होते." मरेपर्यंत ते पाहुण्यारावळ्यांना ही गोष्ट सांगत होते.

पुढे शाळेच्या सामन्यात मीही तसाच हात वर केला. हरलो. बाई कडाडल्या, "कुणी विचारलं होतं तुला, शहाणे?" उरलेलं वर्षभर मला बाकावर बसवलं. मैत्रिणी बोलेनात. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मनात दादा होता.

दोन हजार पाचच्या सुमारास आम्ही नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी राहत होतो. नवऱ्याची नोकरी जवळच आइंडहोवनला. मुलगी गावातल्या क्लबात फुटबॉल खेळायची. एका शनिवारी गोलासमोर चेंडू तिच्या हाताला लागला. पंच म्हणून कुणाचे तरी बाबा उभे होते, त्यांना दिसलं नाही. माझ्या बयेनं हात वर केला. पेनल्टी, गोल, खेळ खलास. सायकलवरून घरी येताना ती हमसून हमसून रडली, कारण टीममधल्या एकीनंही तिला टाटा केला नव्हता. मी सायकल बाजूला घेतली आणि दादाची गोष्ट सांगितली. म्हटलं, "अगं वेडे, दादा असता ना, तर त्यानं तुला खांद्यावर घेतलं असतं." तेव्हापासून ती गोष्ट तिचीही झाली.

आणि काय योग! नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मुलाचे आईवडील तीन महिन्यांसाठी आले, ते वडील म्हणजेच दादा. मला तर आकाश ठेंगणं झालं. लगेच शनिवारचं जेवायला बोलावलं. तुर्की दुकानातून कोथिंबिरीच्या जुड्या आणून वड्या केल्या, सुपरमार्केटातलं क्वार्क, म्हणजे तिकडचं घट्ट दही, फडक्यात टांगून श्रीखंड केलं. मुलगी क्लबाची जर्सी घालून सकाळपासून खिडकीत.

दादाचं पोट सुटलं होतं, गुडघ्यांना पट्टे होते. मुलगी त्याच्याजवळची खुर्ची पटकावून बसली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, हात वर करताना अवघड गेलं का? "व्हेरी हार्ड, व्हेरी हार्ड," म्हणत त्यानं तिच्या डोक्यावर हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हिला मराठी येत नाही वाटतं? मग सांगतो एक गंमत."

"बोलत नाही ती, पण," एवढंच मी म्हणतेय, तोवर हा सुरू.

"अगं, मला लागलाच नव्हता तो. वीतभर लांब होता! कंपनीच्या साहेबानं आदल्या दिवशी बोलावून सांगितलेलं, चषक आमच्याकडे, नोकरी तुझ्याकडे. आता ते येडं मला शिवायच्या आधीच पळालं, तर मी काय करणार? केला हात वर! आणि तुम्ही खुळ्यांनी माझी मिरवणूक काढली!" हसता हसता त्याला ठसका लागला. त्याची बायकोही हसली. तिला आधीपासून माहीत असणार.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि बाकीचे सहा जण, दादा? त्यांना सांगितलंत कधी?"

"त्यांना कशाला? घरात खाणारी पाच तोंडं होती गं. तूही काय, लहानपणीचं धरून बसलीस! वाढ जरा श्रीखंड."

नोकरी हवी होती, कबूल. गरज कुणाला नसते? पण मग खांद्यावरून उतरायचं होतंस की रे! केसानं गळा कापला मेल्यानं आमचा, आणि तेही माझ्याच ताटावर बसून हसत हसत सांगतोय. मला बाकावरचं ते अख्खं वर्ष आठवलं. वडील आठवले. श्रीखंड मात्र मी वाढलं, सवयीनं.

वर बघितलं तर मुलगी जागेवर नव्हती.

जिन्यावरून तिच्या खोलीत गेले. जर्सी काढून ती पलंगावर बसली होती. ही पोर माझ्या मराठीला कायम डचमध्ये उत्तर द्यायची. त्या दिवशी मराठीत बोलली.

"त्याला लागलंच नव्हतं."

"हो गं."

"मला लागलं होतं, आई. खरंच लागलं होतं."

मी तिच्याशेजारी बसले. तिला सांगायला माझ्याजवळ होती ती एकच गोष्ट, तीही खोटी निघाली.

खालून दादाचा आवाज आला, "अगं, कुठे गेली आमची खेळाडू? निघतोय आम्ही!"

ती उठली नाही. मीही नाही.