तातेरावांचा कान आणि रुख्मिणीबाईचा लिंब

घरावर झुकलेलं झाड ठेवायचं की पाडायचं, असा प्रश्न पडला की कुरुंद्याकडच्या गावांत इंजिनियर येत नाही, तातेराव येतात. कुऱ्हाड उलटी धरून बुंध्याला चारी अंगांनी ठोकायचं, उजवा कान सालीला लावायचा. आवाज टणक आला तर झाड राहिलं. ढोलकीसारखा घुमला तर गेरूची फुली, आणि झाडाचा मुक्काम संपला. तीस वर्षांत एक फुली चुकली नाही असं गाव म्हणे, आणि गावापेक्षा तातेराव जास्त म्हणत.

डावा कान लहानपणीच गेलेला. गेल्या दिवाळीपासून उजव्यानंही संप पुकारला. काहीही ठोकलं की आत नुसता भुंगा घुमायचा. एकदा विजेचा सिमेंटचा खांब सहज ठोकून पाहिला, तर तोही पोकळ निघाला. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. पोकळ झाड राहिलं तर माणूस मरतं, चांगलं पाडलं तर कोण मरतं? असा विचार करून ते दिसेल त्या झाडावर फुल्या मारत सुटले.

वैशाखात सरपंच भीमराज त्यांना रुख्मिणीबाईच्या दारी घेऊन गेले. तिथं रस्त्याकडेला दुकानांचे गाळे काढायचे होते आणि नेमका दारचा लिंब, म्हणजे जुना कडुलिंब, आडवा येत होता. बाईचं घर पत्र्याचं. अंथरुणाला खिळलेली सासू दिवसभर त्या लिंबाखाली बाजेवर पडून असे.

"तात्या, बराबर ऐका," रुख्मिणीबाई म्हणाली. "माझ्या सासूचं छप्पर हेच हाये."

तातेरावांनी ठोकलं. भुंगा घुमला. मला ऐकू येत नाही, एवढं म्हणायचं होतं. पण भोवती सगळं गाव उभं होतं. त्यांनी फुली मारली.

दुपारपर्यंत लिंब आडवा झाला. बुंधा आतून तांबडा, भरीव, सुईला शिरायला जागा नाही. रुख्मिणीबाईनं त्यावर तळहात फिरवला.

"कुठं पोकळ हाये, तात्या? दावा मला."

हे मात्र त्यांना स्पष्ट ऐकू आलं. ते टॉवेल झटकत राहिले. भीमराज म्हणाले, मुळाशी पोकळ असतं ते, वरून दिसत नाही. लोकांनी माना डोलावल्या.

सहाव्या दिवशी सासू तापलेल्या पत्र्याखाली वारली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. सगळ्यात आधी तातेराव म्हणाले.

तेराव्यानंतर मात्र त्यांना राहवेना. भीमराजांच्या ओट्यावर जाऊन त्यांनी एका दमात सांगून टाकलं, कान गेला, आता हे काम दुसऱ्या कोणाला द्या. भीमराजांनी आतून चहा मागवला. मग जवळ सरकून, मोठ्यानं, अगदी मायेनं म्हणाले,

"चार महिने झाले, तुमाला मागून हाका मारून राहिलो, तुमी वळत न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय? ऐकू येणारा नेला असता तर लिंब ठेवा म्हणला असता."

तातेरावांनी चहा बशीत ओतला. लिंब पडल्यापासून गावात त्यांना हाका मारून बोलावणारा हाच एक माणूस उरला होता.

चहा संपवून त्यांनी विचारलं, "उद्या कुठं जायचं?"