शालिकरामभाऊंचा फालसा

माणसानं रोप घ्यायला नर्सरीत जावं आणि खोटं बोलून घरी यावं, असं कधी ऐकलंय? शालिकरामभाऊंनी ते केलं. बरं, खोटं बोलायची सवय असती तर गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एका कंपनीत लेथ चालवलेला माणूस, खोटी रजासुद्धा कधी टाकली नाही. आणि रिटायर होऊन बोलले ते रोपाच्या पायी!

तर झालं असं. दोन पावसाळ्यांपूर्वी भाऊ हिंगणा रोडवरच्या कामिनीच्या नर्सरीत गेले. कामिनी म्हणजे चाळिशीची बाई, डोक्याला ओढणी बांधून दिवसभर कुंड्यांत राबणारी, मनानं चांगली पण तोंडानं फटकळ. भाऊंच्या अंगणात सगळीकडे फरशी, नळापाशी तेवढी चार बाय चारची माती उघडी. तिथं काय लावावं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कामिनीनं दोन रोपं पुढ्यात ठेवली.

"काका, घरी कोण कोण राहते ते सांगा आधी. माणसं पाहून झाड लावा लागते. ही कोरफड. हिले कोणी नसलं तरी जमते. पंधरा दिवसांतून पाणी दाखवा, नाही दाखवलं तरी रुसत नाही. कुलूप लावून गावाले जा, आल्यावर जशीच्या तशी. अन् हा फालसा, मण्याएवढी जांभळी आंबटगोड फळं येतात याले. याचे नखरे लय. थंडीत कापा, उन्हाळ्यात पाणी द्या, बुलबुल हाकला. बरं, फळ एकदम पिकत नाही, रोज मूठ-मूठ पिकते. आज तोडलं ते आजच खा, उद्या त्याचं पाणी होते. याले खाणारी तोंडं पाहिजे घरात. आहेत का?"

बायकोला, सुभद्राबाईंना, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मुलगा ऋषिकेश पुण्याला, सून पुण्याला, नात गार्गी पुण्याला. "एकटाच राहतो" म्हणायला काय जात होतं? दोन शब्द. पण सुभद्राबाई गेल्यापासून भाऊंनी ते दोन शब्द कुणापुढंच उच्चारले नव्हते. ऐन वेळी जीभच रेटली नाही.

"हाव, आहेत न," भाऊ म्हणाले. "पोरगा, सून, नात. नातीले आंबटगोड लय आवडते."

"मंग फालसाच न्या."

नेला. आणि मनात चोर होता, म्हणून कोरफडही नेली.

घरी पोचेपर्यंत त्या खोट्याचा त्यांच्या डोक्यात एक पक्का बेत झाला. आंबा पेटीत घालून पुण्याला धाडता येतो, संत्री जातात. फालसा जात नाही. म्हणजे फालसा खायचा तर गार्गीलाच इकडे यावं लागणार! उन्हाळ्याच्या सुट्टीत, आठ दिवस का होईना. वा रे हुशारी! पण हसू नका. बायको गेल्यापासून पुढच्या कुठल्या महिन्याची वाट पाहावी असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं.

तुम्ही म्हणाल, तेच का जात नाहीत पुण्याला? गेले होते. अकराव्या मजल्यावर. सगळे आपापल्या खोलीत लॅपटॉप लावून बसलेले, गार्गी शाळेत, आणि भाऊ सोफ्यावर. एकोणिसाव्या दिवशी परत आले. "इथं एकट्याले एकटं वाटते, ते बरं," असं ते म्हणाले. "तिथं भरल्या घरात वाटत होतं."

भाऊंची एक जुनी रीत होती. कंपनीची बस सव्वासहाला यायची, आणि शेडमध्ये पाय ठेवला की आधी मशीनला तेल, मग चहा. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. रिटायर झाले, पण हाताला ते कुणी सांगायचं? रोज उजाडलं की भाऊ पाण्याचा मग घेऊन अंगणात. फालशाला दोन मग, कोरफडीला दोन मग. एकाला जास्त, एकीला कमी, असा दुजाभाव नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. शिवाय शेजारी स्टूल टाकून बसणं, पानं पुसणं, काल काय जेवलो ते सांगणं.

कोरफडीनं सव्वा महिना दम धरला. मग पानं फुगली, मऊ पडली, आणि एक दिवस अख्खं रोप मुळापासून भाऊंच्या हातात आलं. वासही सुटला होता. भाऊ असे भडकले! प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून थेट नर्सरीत.

"तुमचा माल खोटा हाये!"

कामिनीनं बुडखा दाबून पाहिला. "पाणी किती देत होते?"

"रोज. दोन टाइम. एक दिवस खाडा नाही," भाऊंनी अभिमानानं सांगितलं.

"अरे बाप्पा! काका, लोक हिले नजर लागू नये म्हणून दारावर उलटी टांगतात. ना माती ना पाणी, तरी वर्ष वर्ष जगते. अन् तुम्ही हिले मारून दाखवलं!" ती पोट धरून हसली. हसता हसता थांबली. "घरी पोरगा, सून, नात हाये म्हणले होते न? मंग दोन-दोन टाइम हिच्यापाशी बसाले तुम्हाले फुरसत कुठून भेटते?"

भाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चोरी पकडली गेली होती.

"कोणी नाही वं घरी," ते म्हणाले. "मीच आहो."

कामिनीनं रोप बाजूला ठेवलं, हात धुतले, भाऊंना खुर्ची दिली.

"दुसरी कोरफड देत नाही तुम्हाले," ती म्हणाली. "तुम्हाले तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तुम्ही फालशाचंच करा. त्याचं कितीबी करा, कमीच पडते."

भाऊंनी केलं. नुसतं केलं नाही, जीव लावला. आणि इथंच दुसरी चूक झाली. जानेवारीत फालसा चांगला डोक्याइतका झाला होता. कात्री घेऊन भाऊ त्याच्यापाशी गेले आणि तसेच परत आले. घरात आपल्याशिवाय जिवंत असं तेवढंच एक, ते कापायचं? नाही कापलं. मे महिन्यात झाडावर पाला एवढा, आणि फळं पाच.

"यंदा धरला नाही गा," त्यांनी ऋषिकेशला फोनवर सांगितलं. "पुढच्या वर्षी नक्की." गार्गीचं येणं वर्षभर पुढं गेलं.

कामिनीनं मग त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. "नव्या फांदीलेच फळ धरते, काका! जुनं जपत बसाल तर पाला खा!" पुढच्या जानेवारीत भाऊंनी दात-ओठ खाऊन झाड कमरेइतकं छाटलं आणि चार दिवस अंगणात पाहिलं नाही. पण कामिनी खरी ठरली. फांद्या फुटल्या, पिवळी फुलं आली, एप्रिलात हिरवे मणी धरले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात झाड जांभळं व्हायला लागलं.

भाऊंनी त्याच सकाळी फोन लावला. "ऋषी, फालसा पिकला गा! लय पिकला!"

"अरे वा! मस्त. कुरिअर करा ना, बाबा."

"कुरिअर होत नाही त्याचं. एका दिवसाचं फळ हाये. तुम्हीच या. तीन आठवडे राहते झाडावर."

"पाहतो, बाबा. ऑफिसात या महिन्यात फार गडबड आहे. पाहतो."

पोरगा वाईट नाही हो. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं. त्यानं खरंच पाहिलं असेल. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. भाऊ रोज सकाळी वाटीभर फालसे तोडायचे, धुऊन, मीठ लावून टेबलावर ठेवायचे, आणि संध्याकाळी झाडाच्या बुडाशी ओतून द्यायचे. ओतताना त्यांना रडू यायचं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला फळं ओतताना रडू यावं, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. भाऊ झाडाशेजारीच स्टुलावर बसले होते, नुकत्या तोडून मीठ लावलेल्या फालशांची वाटी मांडीवर.

"आजोबा, फालसे दाखवा!" गार्गी सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. भाऊंनी वाटी दाखवली.

"मला द्या!" तिनं आ केला. भाऊंनी एक फळ फोनजवळ नेलं. दोघंही खूप हसले.

"माझ्या वाटचं तुम्ही खा. मी सांगते तेच खायचं. ते काळं!"

भाऊंना आंबट सोसत नाही, दात शिवशिवतात. पण खाल्लं.

"कसं लागलं?"

"साखर, माय. नुसती साखर."

"बी थुंका! लांब!" भाऊंनी थुंकली. ती टाळ्या पिटत सुटली. "आता ते छोटं. आता त्याच्या बाजूचं." भाऊ खात गेले. दाढा आंबल्या, तोंड जांभळं झालं, डोळ्यांत पाणी आलं, तरी खात गेले. दोन वर्षांत इतके खूश ते कधी झाले नव्हते.

"वाटी दाखवा," गार्गी म्हणाली. त्यांनी दाखवली. तळाशी थोडं मीठ राहिलं होतं.

"संपले!" ती फोनपासून मागं वळून ओरडली, "बाबा, आजोबांचे फालसे संपले! आता नागपूरला नाही गेलं तरी चालेल ना?"

"हो गं. आता पुढच्या वर्षी," आतून ऋषिकेशचा आवाज आला. "आजोबांना बाय कर."

भाऊ ताडकन उठले. मांडीवरची वाटी फरशीवर आपटली. त्यांनी फोन झाडाकडे फिरवला.

"संपले नाही वं माय! हे पाह्य, झाड भरून हाये! हे उद्या पिकतात, हे परवा, हे इकडचे तर अजून हिरवेच हायेत, तुम्ही येईपर्यंत—"

खालच्या फांदीपासून वरच्या फांदीपर्यंत ते एकेक झुपका दाखवत राहिले. फोन केव्हाच कट झाला होता.