मोहन्याची अर्धी मात्रा

पेटीकाकूंना अर्धी मात्रा ऐकू यायची. तशी ती ताल कळणाऱ्या कुणालाही ऐकू येते म्हणा, पण काकूंना ती सोसायची नाही. भजन रंगात आलेलं असावं, टाळ खणखणत असावेत आणि तेवढ्यात एखादी बाई जरा रेंगाळली, की पेटीच्या भात्यावरचा काकूंचा डावा हात थबकलाच. सगळं एकदम शांत. मग चष्म्याच्या वरून त्यांची नजर फिरायची आणि बरोबर गुन्हेगारावर येऊन थांबायची. "गॅसवर काही ठेवून आलीस का गं?" एवढंच विचारायच्या. मी हौसेनं चिपळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्याच गुरुवारी त्या काढून घेण्यात आल्या आणि माझ्याकडे प्रसाद वाटण्याचं खातं आलं. खोटं कशाला बोलू, मी जायचे ती काकूंच्या हातच्या खिरापतीसाठीच.

त्यांचं खरं नाव शकुंतला. पण वर्तकनगरच्या आमच्या जुन्या इमारतीत त्यांना पेटीकाकूच म्हणायचे, अगदी कुरिअरवालासुद्धा. इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही सगळे भाड्याच्या जागांत पांगलो. काकूंनी मात्र दोन गल्ल्या सोडून मुद्दाम तळमजल्यावरची जागा शोधली. ती अंधारी होती, ओल होती, काका कुरकुरत होते. "वरच्या मजल्यावर माझं भजनी मंडळ चढणार नाही," काकू म्हणाल्या. मंडळातल्या प्रत्येकीचे गुडघे त्यांना तोंडपाठ होते.

एकट्या मालूताईंचे गुडघे त्या हिशोबात बसेनात. त्या मुलाकडे कल्याणजवळच्या मोहन्याला गेल्या आणि तिथून ठाण्यापर्यंतचा प्रवास त्यांना झेपणं शक्यच नव्हतं. मालूताई आणि काकू एकाच वर्षी लग्न होऊन त्या इमारतीत आलेल्या, आणि तेव्हापासून काकूंच्या पेटीशेजारी मालूताईच बसायच्या. त्यांचा आवाज जाडसर, घरगुती, पण सुराला पक्का. "माझ्या पेटीला मालूच्या आवाजाची सवय आहे. बाकीच्या तुम्ही मध्ये मध्ये," असं काकू आमच्या तोंडावर सांगायच्या. मालूताई गेल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी काकूंनी मला दारात पकडलं. "मंजिरी, तू दिवसभर त्या कंप्युटरसमोर असतेस. मालूला इथे आण."

मी विमा कंपनीचं काम घरून करते. लोकांनी पाठवलेली हॉस्पिटलची बिलं तपासते. मोहन्याहून माणूस आणण्याचं कलम आमच्या पॉलिसीत नाही. पण काकूंना हे सांगणार कोण? मी काकांच्या टीव्हीला मोबाईल जोडला, व्हिडिओ कॉल लावला आणि पुढच्या गुरुवारी मालूताई जरीची साडी नेसून टीव्हीत हजर झाल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पेटी धरली आणि मालूताई म्हणाल्या, "शकू, अगं वाजव ना." काकू वाजवतच होत्या. पण ते ॲप माणसाच्या आवाजाशिवाय बाकी सगळं गाळून टाकत होतं. मी तसं समजावून सांगायला गेले आणि फसले.

"म्हणजे पेटीला ते काय समजतं?" काकूंनी विचारलं.

"गोंगाट," मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ते ॲप मीच बनवलं होतं. शेवटी कुठल्या तरी आतल्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं हे मला सापडलं आणि पेटी मोहन्याला पोचली.

पण खरी पंचाईत पुढेच होती. मालूताईंचा आवाज उशिरा यायचा. आमची ओळ संपून टाळ पुढे गेलेले आणि मागून मालूताई येतायत. काकूंचा हात थबकायचा, पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. तिसऱ्या गुरुवारी कुणीतरी म्हणालं की मालूताईंना म्यूट करू, त्या तिकडे म्हणतील, आपण इकडे म्हणू. मालूताईंनीच लगेच होकार दिला. मग टीव्हीत त्यांचे ओठ हलत राहिले, मान डोलत राहिली, आणि आवाज नाही. काकूंनी ते भजन कसंबसं पुरं केलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी मालूताई म्हणाल्या, "तुम्ही म्हणा गं, मी नुसती ऐकते." त्याच्या पुढच्या वेळी त्यांना लवकर आडवं व्हायचं होतं. पेटीवर कापड टाकताना काकू मला म्हणाल्या, "मालू सुटतेय, मंजिरी. आणखी चार गुरुवार असे गेले की ती येणारच नाही."

मालूताईंच्या मुलाला काकूंनी स्वतः फोन केला. मुलगा भला माणूस. राउटर जुना झालाय, असं तो म्हणाला आणि बाजारात सगळ्यात वेगवान होता तो घेऊन आला. त्यानं ताल आणखीच बिघडला. आता आवाज कधी चटकन यायचा, कधी मागे राहायचा, कधी दोन शब्द एकमेकांवर चढून यायचे. बायका हसत होत्या. काकू डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होत्या. भजन आटपल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "उशिराचं काही नाही गं. उशीर रोज वेगळा होतोय, त्याचा त्रास आहे."

मला कळलं नाही. त्यांनी काकांकडे बोट दाखवलं. "ह्यांना ऑफिसातून यायला जन्मभर उशीर. पण रोज तेवढाच. मी त्या अंदाजानं कुकर लावायचे. एकदा हे वेळेवर आले आणि भात कच्चा."

काका पेपरमागून म्हणाले, "एकदाच आलो होतो. परत ती चूक केली नाही."

अशा रीतीनं आम्ही दोघी स्टेशनजवळच्या एका दुकानात मालूताईंच्या घरासाठी राउटर बघायला गेलो. दुकानदार तिशीतला, बोलायला चटपटीत. त्यानं सहा अँटेनांचा एक काळा राउटर काढून समोर ठेवला. "काकू, हा घ्या, टॉप मॉडेल आहे. एकदम मख्खन चालतो."

काकूंनी तो एका बोटानं फिरवून बघितला. "इतक्या मिशा? झुरळ आहे की काय?"

"स्पीड बघा ना काकू याचा!"

"पळायचंय कुणाला? पलंगावर बसून भजन म्हणायचंय. मध्ये एक भिंत आहे आणि आवाज रोज सारखा यायला पाहिजे. सारखा उशीर करणारा दाखव."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्याच्या आयुष्यात सारखा उशीर करणारा राउटर मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक असणार. पण तो धंद्याला पक्का. त्यानं समजावलं की राउटरमध्ये दोन प्रकारच्या लहरी असतात. एक वेगवान, पण भिंत आली की गळपटते, दुसरी सावकाश, पण भिंतीतून लांबवर जाते. काकूंचा चेहरा उजळला. "म्हणजे एक तारसप्तकातली आणि एक खर्जातली. असं सांग की मग! आम्हाला खर्जातली पाहिजे."

मग परीक्षा सुरू झाली. दुकानामागच्या गोदामात, खोक्यांच्या मधोमध, मला मोबाईल घेऊन उभं केलं. बाहेर काउंटरवर काकू दुसरा मोबाईल घेऊन. दोन्ही त्याच राउटरवर. काकू टाळी देणार, मी ती फोनवर ऐकून परत टाळी देणार आणि मधलं अंतर हलतं का ते काकू ऐकणार. चार-पाच टाळ्या झाल्यावर फोनमधून आवाज आला, "मंजिरी, राउटर चुकतोय की तू?"

"मी, काकू."

"बाहेर ये. अरे, तू जा आत."

दुकानदार आत गेला, आणि काय सांगू, त्याचा हात असा बांधीव की काकू बघतच राहिल्या. तो ढोलपथकातला निघाला. त्यानंतर त्या दोघांनी दुकानातले सगळे राउटर एकामागून एक लावले. रिचार्जला आलेली माणसं थांबून बघायला लागली. मिशावाला गाळला गेला, एक पांढरा देखणा गाळला गेला. शेवटी एक साधा, बुटका, कोपऱ्यात धूळ खात पडलेला उरला. त्याच्यावर काकूंनी भजनी ठेक्याची बरीच आवर्तनं टाळ्यांनी वाजवली आणि दुकानदार गोदामातून ओरडला, "काकू, हा हलत नाय!"

"नाहीच हलत," काकू म्हणाल्या. "बांध हा."

तो राउटर घेऊन आम्ही दोघी कल्याणला गेलो आणि तिथून रिक्षानं मोहन्याला. मालूताईंच्या मुलानं तो जोडला. पण काकू आल्या होत्या त्या वेगळ्याच कामाला. पलंगावर मालूताईंच्या शेजारी बसून त्यांनी सांगितलं, "हे बघ, उशीर होणारच. तो कुणाच्या बापाला टळत नाही. पण आता तो नेहमी अर्धी मात्रा होईल. तेव्हा माझी पेटी तुला ऐकू येईल ना, तिच्या अर्धी मात्रा आधी म्हण. म्हणजे तिकडे आमच्याबरोबर येशील."

मालूताई विचारात पडल्या. "म्हणजे मला इथे बेतालच ऐकू येणार की गं."

"तुला येणार. आम्हाला नाही."

"आणि जमलं ते मला कसं कळायचं?"

"मी सांगीन ना."

जन्मभर तालात म्हटलेल्या बाईला कानाविरुद्ध म्हणायला सांगणं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीटसं कळलं नाही. मालूताईंना कळलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "बरं."

पुढच्या गुरुवारी त्या म्हणायला लागल्या तेव्हा आम्ही टाळ हळूच धरले होते. पहिल्या दोन ओळी इकडेतिकडे झाल्या. तिसरी ओळ मात्र पेटीवर अशी येऊन बसली, जणू मालूताई खोलीतच आहेत. काकूंनी डोळे उघडले नाहीत. भजन संपल्यावर टीव्हीतून प्रश्न आला, "जमलं का गं शकू?"

"जमलं," काकू म्हणाल्या. त्या मंडळात हा शब्द आम्ही कुणी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग तो रिवाजच झाला. प्रत्येक भजनानंतर मालूताई विचारणार, काकू सांगणार. खोटं मात्र काकूंनी कधीच सांगितलं नाही. एकदा ताल मधूनमधून डळमळायला लागला. काकूंनी कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "मालू, सून काही तापवतेय का?" खरंच, तिकडे मायक्रोवेव्हमध्ये भाजी फिरत होती. तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी मोहन्याच्या त्या घरात जेवण गॅसवरच गरम होऊ लागलं. आणखी एकदा आवाज रखडायला लागला, तर मालूताईंनी राउटरला लोकरीचं टोपडं विणून घातलं होतं. "सारखा तापतोय बिचारा, पण उघडा बरा दिसत नाही," हे त्यांचं म्हणणं. काकूंनी ते लगेच काढायला लावलं आणि पोरासारखं त्याचं कौतुक न करण्याची ताकीद दिली.

काकू गेल्या वर्षी गेल्या. नव्या इमारतीच्या किल्ल्या मिळायला अजून वेळ होता. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं आणि दोन दिवसांत आटोपलं. मला त्यांची आठवण येते, फार येते. आणि येते तेव्हा त्या आधीच्या चैत्रातली दुपार डोळ्यांसमोर येते.

त्या दिवशी काकूंकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ वाटून झाली होती, पन्ह्याचे पेले भरत होते, आणि दारात गाडी थांबली. मालूताईंचा मुलगा त्यांना हाताला धरून आत घेऊन आला. कुणाला आधी सांगितलंच नव्हतं. काकूंनी उठून पेटीशेजारची जागा हातानं झटकली. मालूताई तिथे खुर्चीवर बसल्या. टीव्ही बंद होता. काकूंनी सूर दिला आणि भजन सुरू झालं.

मालूताई अर्धी मात्रा पुढे गेल्या.

काकूंचा डावा हात थबकला. आम्ही सगळ्या फरशीकडे बघायला लागलो. "मालू," काकू हलकेच म्हणाल्या, "अगं, आज मी शेजारीच बसलेय."

"सवय झाली गं. आता सरळ म्हणायला गेले की चुकतं," मालूताई हसत म्हणाल्या. "इतके दिवस म्हणतेय तुमच्याबरोबर, पण मला काही ते एकदाही बरोबर ऐकू आलं नाही बघ. तू सांगायचीस, मी धरून चालायची."

बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नीट केला, भात्यावर पुन्हा हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू म्हण तशीच. मी येते."

मालूताईंनी पुन्हा सुरुवात केली, तशीच, पुढे. आणि अर्ध्या मात्रेची चूक कधी कुणाला न सोडलेल्या पेटीकाकू आमचे सगळ्यांचे टाळ मागे टाकून त्यांच्याबरोबर पुढे गेल्या. आमची तारांबळ उडाली. कुणी थांबलं, कुणी पळत गाठायला गेलं, एकीचा टाळ हातातून सुटला. त्या दोघींचं तिकडे लक्षही नव्हतं. पेटी आणि तो जाडसर आवाज अगदी एकात एक चालले होते आणि मालूताईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

भजन संपलं. त्या दिवशी मालूताईंनी काकूंना काही विचारलं नाही.